डार्विनची फाटकी पुस्तके

पुस्तकाला चुकून पाय लागला तर आपण चटकन वाकून नमस्कार करतो. दसऱ्याच्या सुमारास पाटीपूजन करतो, पुस्तकांवर हळदकुंकू वाहतो, झेंडूचे फूल ठेवतो, आणि पूजेतले पुस्तक उघडायचे नसते म्हणून मनातल्या मनात खूशही होतो. पुस्तकाविषयीचा हा आदर चांगलाच आहे. त्याची थट्टा करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. पण पूजेत बसलेली वस्तू हळूहळू वापरातून जाते, हेही खरे. नवे पुस्तक घरी आले की त्याला खाकी कागदाचे कव्हर चढते, त्यावर नावाची चिठ्ठी चिकटते आणि मग त्याची रवानगी काचेच्या कपाटात होते. पाहुण्यांना ते काचेतून दिसते. मुलांनी हात लावलाच तर "फाडशील हं!" अशी ताकीद मिळते.

विज्ञानाची गोडी असलेल्या मुलामुलींनी आणि त्यांच्या शिक्षकांनी ही रीत थोडी बदलावी, असे मला वाटते. पुस्तक हे सुताराच्या रंध्यासारखे किंवा प्रयोगशाळेतल्या परीक्षानळीसारखे कामाचे हत्यार आहे. ते झिजावे, त्याला डाग पडावेत, आणि वेळप्रसंगी ते फाटावेही. हे माझ्या पदरचे नव्हे. विज्ञानाच्या इतिहासातल्या एका फार मोठ्या वाचकाने असेच केले, म्हणून मी हे धाडसाने लिहीत आहे. हा वाचक म्हणजे चार्ल्स डार्विन.

डार्विनचे (१८०९-१८८२) नाव घेतले की आपल्या डोळ्यांपुढे बीगल जहाज, गालापागोस बेटे आणि तिथली कासवे उभी राहतात. २७ डिसेंबर १८३१ ते २ ऑक्टोबर १८३६ अशी जवळजवळ पाच वर्षे तो त्या जहाजावर होता, हे बरोबरच आहे. पण त्यानंतर तो ब्रिटनबाहेर पुन्हा कधीही गेला नाही. १८४२ पासून मरेपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे, तो केंट परगण्यातल्या डाऊन नावाच्या लहानशा गावी राहिला. प्रकृती वारंवार बिघडायची. तरीही साऱ्या जगातले प्राणी आणि वनस्पती त्याच्या लिखाणात हजर असतात. त्याने घरी स्वतः प्रयोग केले, शेकडो लोकांशी पत्रव्यवहार केला. आणि उरलेले जग त्याच्याकडे आले ते पुस्तकांतून. किंबहुना बीगलवरच्या प्रवासातही त्याच्याजवळ सुमारे चारशे ग्रंथ होते. जहाजाच्या मागच्या बाजूच्या ज्या खोलीत तो झोपायचा आणि काम करायचा, तीच जहाजाची ग्रंथालयाची खोली होती. लायेलच्या भूविज्ञानावरील ग्रंथाचा पहिला खंड त्याला कप्तान फिट्झरॉयने दिला होता. दुसरा खंड १८३२ साली दक्षिण अमेरिकेतल्या माँटेव्हिडिओ बंदरात त्याच्या हाती पडला. एका हातात हातोडी आणि दुसऱ्या हातात लायेल, अशी त्याची भूविज्ञानाची शाळा झाली.

आता त्याच्या पुस्तकांची अवस्था पाहा. त्याचा मुलगा फ्रान्सिस याने वडिलांच्या मृत्यूनंतर त्यांच्या आठवणी लिहिल्या आणि त्या १८८७ साली छापल्या. तो सांगतो, की वडिलांना पुस्तकांबद्दल पुस्तके म्हणून काहीच आदर नव्हता. त्यांना ती हत्यारासारखी वाटत. पुस्तक वापरून वापरून खिळखिळे झाले, तर ते धातूच्या चिमट्याने धरून ठेवत, पण पुन्हा बांधून घेत नसत. आणि जाडजूड पुस्तक हातात धरायला जड वाटले, तर ते सरळ सुरीने मधोमध कापून त्याचे दोन भाग करत! लायेलच्या एका पुस्तकाचे त्याने असेच दोन तुकडे केले आणि वर लायेललाच तसे कळवले. त्याचा परिणाम असा, की लायेलने त्या पुस्तकाची पुढली आवृत्ती दोन खंडांत काढली. याची डार्विन नंतर मोठ्या फुशारकीने आठवण सांगत असे. लहान पुस्तिकांचे हाल तर याहून वाईट. त्यांतले कामाचे तेवढे पान ठेवायचे आणि जागा वाचावी म्हणून बाकीची पाने फाडून टाकायची, असा त्याचा खाक्या होता.

आपल्याकडे एखाद्या मुलाने असे केले असते, तर त्याचे काय झाले असते ते सांगायला नको.

पण कापाकापी ही यातली खरी गंमत नव्हे. खरी गंमत आहे ती त्याने पुस्तकांतून माल काढण्याची जी पद्धत बसवली तिच्यात, आणि ती तुम्हांला उद्यापासून वापरता येईल. डार्विनने आत्मचरित्रात तिचे वर्णन केले आहे. वाचताना हातात पेन्सिल असायचीच. उपयोगाच्या मजकुरापुढे समासात उभी रेघ मारायची. शंका आली, पटले नाही, दुसरे उदाहरण आठवले, तर तिथेच दोन शब्द लिहायचे. पुस्तक संपले की शेवटच्या कोऱ्या पानावर आपल्या कामाच्या मुद्द्यांची यादी करायची आणि प्रत्येकापुढे पानाचा आकडा घालायचा. ही झाली त्या पुस्तकाची खास आपली सूची. पुस्तकाच्या शेवटी छापलेली सूची लेखकाच्या किंवा प्रकाशकाच्या सोयीची असते. ही सूची मात्र आपल्या मनात जे प्रश्न आहेत त्यांच्या सोयीची. एकाच पुस्तकाच्या शेवटी डार्विनने आणि तुम्ही केलेल्या सूच्या अगदी निराळ्या होतील, आणि व्हायलाच हव्यात.

पुस्तक स्वतःचे नसले तर? मग वेगळ्या कागदावर सारांश काढायचा. अशा सारांशांनी त्याचा एक मोठा खण भरला होता. याशिवाय तीस ते चाळीस मोठ्या कागदी फायली होत्या. प्रत्येक फाईल एका विषयाची, आणि ज्या फळीवर ती ठेवायची त्या फळीवर विषयाची चिठ्ठी. एखादे कात्रण, एखादे टिपण, एखाद्याचे पत्र आले की ते लगेच ज्या त्या फाईलमध्ये जायचे. नवा विषय लिहायला घ्यायचा झाला, की तो आधी पुस्तकांच्या शेवटच्या सूच्या चाळायचा, त्यांतून एक मोठी वर्गवार सूची करायची, योग्य त्या फायली बाहेर काढायच्या; की आयुष्यभर जमवलेली सारी माहिती टेबलावर हजर!

एवढा खटाटोप का? कारण त्याची स्मरणशक्ती फार चांगली होती अशातला भाग नव्हता. आपली स्मरणशक्ती विस्तृत पण अंधुक आहे, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. एखादी सनावळ किंवा कवितेची एखादी ओळ त्याच्या डोक्यात चार दिवसांवर टिकत नसे. फक्त "याविरुद्ध आपण काहीतरी वाचले होते" एवढी धूसर जाणीव मात्र राहायची. सनावळ्यांच्या धास्तीने रात्री जागणाऱ्या विद्यार्थ्यांना हे वाचून थोडा धीर यावा. पण धीर घेऊन थांबू नका. अंधुक स्मरणशक्तीला कागदाचा टेकू कसा द्यावा हे त्याने शोधून काढले, म्हणून त्याचे निभावले. 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' हा ग्रंथ २४ नोव्हेंबर १८५९ रोजी प्रसिद्ध झाला. पण नैसर्गिक निवडीची कल्पना त्याला सुचली होती १८३८ साली. मधली एकवीस वर्षे पुरावे गोळा करण्यात, पारखण्यात आणि इतर कामांत गेली. कबुतरे पाळणाऱ्यांच्या पुस्तिका, बागायतदारांची साप्ताहिके, गुरांच्या पैदाशीवरची पुस्तके, प्रवासवर्णने अशा, त्या काळच्या पंडितांनी हातातही धरल्या नसत्या अशा छापील कागदांतून त्याने हे पुरावे वेचले. सूची नसती तर हा सारा कडबाच झाला असता.

त्याच्या पद्धतीतला एक नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो. आपल्या मताच्या विरुद्ध जाणारी गोष्ट वाचनात, निरीक्षणात किंवा नुसती मनात आली, तर ती तो तत्काळ आणि न चुकता लिहून ठेवत असे. कारण त्याच्या अनुभवाने त्याला शिकवले होते, की सोयीच्या गोष्टी लक्षात राहतात आणि अडचणीच्या गोष्टी तेवढ्या मनातून झटकन निसटतात. पुढे 'ओरिजिन'वर जे आक्षेप आले, त्यांतले बहुतेक त्याने आधीच टिपलेले आणि त्यांना उत्तर देण्याचा निदान प्रयत्न केलेला असे. आपण परीक्षेसाठी अधोरेखन करतो ते 'महत्त्वाचे' म्हणून. 'मला पटले नाही' म्हणून समासात रेघ मारणारा विद्यार्थी क्वचितच दिसतो. तसा कोणी एखाद्या वर्गात असेल, तर शिक्षकांनी त्याला जपावे.

तो काय वाचायचा याच्याही त्याने याद्या ठेवल्या होत्या. १८३८ ते १८६० या काळातल्या त्याच्या वह्यांत 'वाचायची पुस्तके' आणि 'वाचून झालेली पुस्तके' अशा दोन्ही नोंदी आहेत. त्याच १८३८ सालच्या शरद ऋतूत त्याने माल्थसचे लोकसंख्येवरचे पुस्तक वाचले. कशासाठी? त्याच्याच म्हणण्याप्रमाणे, करमणुकीसाठी! अन्नापेक्षा माणसे भराभर वाढतात आणि मग जगण्यासाठी झगडा होतो, हे त्यात अर्थशास्त्राच्या अंगाने मांडले होते. डार्विनला एकदम दिसले, की प्राणी आणि वनस्पती यांतही हा झगडा चालूच असणार, आणि त्यात ज्यांचे वेगळेपण उपयोगी पडेल ते टिकतील. जीवशास्त्रातली एवढी मोठी कल्पना अर्थशास्त्राच्या पुस्तकातून मिळाली. म्हणून "हे आपल्या अभ्यासक्रमात नाही" असे म्हणून एखादे पुस्तक मिटणाऱ्याने जरा थांबून विचार करावा.

आता या थोर वाचकाची दुसरी बाजू. घेतलेले प्रत्येक पुस्तक तो वाचत होता काय? छे! न वाचलेल्या पुस्तकांचा एक ढीग त्याच्याकडे सतत असायचा, त्याकडे पाहून तो उसासे टाकायचा, आणि यातली कित्येक आपल्याकडून कधीच वाचून होणार नाहीत हे त्याला ठाऊक असायचे. पुष्कळ पुस्तके या ढिगातून थेट वाचलेल्यांच्या ढिगात जात. शेवटी एक शून्य काढलेले असे, म्हणजे 'यात खूण करण्याजोगे काही नाही'. किंवा 'वाचले नाही', 'नुसते चाळले' असा प्रामाणिक शेरा असे. मला हा शेरा फार आवडतो. हाती घेतलेले पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेच पाहिजे, अशी एक शिस्त आपल्या मुलांना लावली जाते. त्यामुळे एखाद्या कंटाळवाण्या पुस्तकाच्या चाळिसाव्या पानावर मुलगा जो अडकतो तो तिथेच, आणि मग दुसरे पुस्तकही उघडत नाही. चाळून ठेवून देण्यात कमीपणा नाही. 'चाळले' असे लिहून ठेवावे म्हणजे झाले.

परभाषेतल्या पुस्तकांचीही त्याची अवस्था तुमच्याआमच्यासारखीच होती. जर्मन त्याला फार जड जाई. शब्दकोश घेऊन तो एकेक वाक्य लढवायचा, थोडेसेच वाचून पुस्तक बाजूला ठेवायचा. जर्मन शिकायला सुरुवात केली तेव्हा त्याने आपला मित्र, वनस्पतिशास्त्रज्ञ हूकर, याला मोठ्या अभिमानाने ती बातमी दिली. हूकर म्हणाला, की त्यात काय मोठेसे, मी तर कितीतरी वेळा सुरुवात केली आहे! इंग्रजी पुस्तके पाहून बिचकणाऱ्या मराठी शाळेतल्या मुलांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. डार्विनने शेवटपर्यंत जर्मन अशीच अडखळत वाचली, पण वाचली.

याच संदर्भात एक गैरसमज दूर करायला हवा. ग्रेगोर मेंडेलने वाटाण्यावरच्या प्रयोगांचा निबंध १८६५ साली वाचला आणि १८६६ साली तो छापला. त्या निबंधाची एक प्रत डार्विनकडे पाने न कापलेल्या स्थितीत पडून होती, असे पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते. (त्या काळी छापील कागद दुमडून शिवत, आणि वाचकाला कडा सुरीने कापून पाने मोकळी करावी लागत. न कापलेले पान म्हणजे न वाचलेले पान.) ही गोष्ट खरी नाही. डार्विनच्या संग्रहात त्या निबंधाची प्रत सापडलेली नाही. खरी हकीकत जास्त चटका लावणारी आहे. फोके या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाचे संकरित वनस्पतींवरचे, १८८१ साल छापलेले पुस्तक डार्विनकडे होते. त्यात मेंडेलच्या वाटाण्याच्या प्रयोगांचा उल्लेख आहे, आणि नेमकी तीच पाने न कापलेली राहिली. उलट मेंडेलने मात्र 'ओरिजिन'चा जर्मन अनुवाद पेन्सिलीच्या खुणा करकरून वाचला होता. त्याची ती प्रत आजही जपून ठेवलेली आहे. आनुवंशिकता नेमकी कशी चालते या कोड्याने डार्विन आयुष्यभर हैराण होता. दोन वाचकांपैकी एकाने दुसऱ्याला वाचले, दुसऱ्याने पहिल्याला वाचले नाही. मात्र ती पाने कापली गेली असती तर विज्ञानाचा इतिहास बदलला असता, असे मी म्हणणार नाही. तो उल्लेख अगदी त्रोटक होता, आणि अर्थ लागायला मेंडेलचा मूळ निबंधच हवा होता.

डार्विनच्या संग्रहातली जवळजवळ १,४८० पुस्तके आज शिल्लक आहेत. त्यांपैकी सुमारे ७३० पुस्तकांच्या समासांत त्याच्या हातच्या भरपूर टिपा आहेत. म्हणजे निम्म्या पुस्तकांशी तो पेन्सिल घेऊन बोलला होता. याद्या, पत्रे, लिलावाच्या नोंदी अशा सगळ्या खुणा जुळवून त्याच्या संपूर्ण संग्रहाची जी यादी २०२४ साली संशोधकांनी तयार केली, तिच्यात पुस्तके, पुस्तिका आणि नियतकालिके मिळून ७,४०० शीर्षके निघाली. टिपा असलेली बरीचशी पुस्तके आता संगणकावर पानन्‌पान पाहता येतात. शाळेत इंटरनेट असेल तर शिक्षकांनी त्यातले एखादे पान मुलांना जरूर दाखवावे. अक्षर मात्र कोणालाच लागत नाही, हे आधीच सांगून ठेवावे.

इथे कोणी म्हणेल, की डार्विनचे ठीक आहे, तो घरचा श्रीमंत. पुस्तक कापले तरी दुसरे घेऊ शकत होता. आक्षेप अगदी रास्त आहे. म्हणून ज्याच्याकडे पुस्तक विकत घ्यायला पैसेच नव्हते, अशा वाचकाकडे वळू. मायकेल फॅरडे हा लोहाराचा मुलगा. १८०५ साली, चौदाव्या वर्षी, तो लंडनच्या एका पुस्तकविक्रेत्याकडे बांधणीचे काम शिकायला राहिला आणि सात वर्षे तिथे होता. जी पुस्तके तो दिवसा बांधायचा तीच कामातून सवड मिळेल तेव्हा वाचायचा. ब्रिटानिका ज्ञानकोशातला विजेवरचा लेख त्याने असाच वाचला. जेन मार्सेट या बाईंचे संवादरूपाने लिहिलेले रसायनशास्त्राचे पुस्तकही असेच हाती आले. आणि वाचून तो थांबला नाही. तुटपुंज्या पैशांतून जेवढे सामान मिळेल तेवढ्यात त्याने त्यातले प्रयोग करून पाहिले, आणि पुस्तकातले म्हणणे खरे ठरले तेव्हाच त्याचा पुस्तकावर विश्वास बसला. पुढे १८१२ साली दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने दिलेल्या तिकिटांवर त्याने हम्फ्री डेव्हीची चार व्याख्याने ऐकली, त्यांची टिपणे नीट लिहून काढली, आकृत्या काढल्या, स्वतःच्या हाताने बांधली आणि ते पुस्तक डेव्हीला पाठवले. १८१३ च्या मार्चमध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याला नोकरी मिळाली. विकत घेतलेले नव्हे, तर स्वतः केलेले पुस्तक त्याच्या उपयोगी पडले.

रामानुजन यांचीही कथा उसनवारीचीच आहे. १९०३ साली कुंभकोणममध्ये कार नावाच्या इंग्रज शिक्षकाचे गणिताचे एक पुस्तक कॉलेजच्या ग्रंथालयातून त्यांच्या हाती आले. ते काही ग्रंथराज नव्हते. पाच हजारांच्या आसपास सिद्धांत एकापुढे एक मांडलेले, आणि सिद्धता जवळपास नाहीच! त्या सिद्धता रामानुजन स्वतः करत बसले. आणि आपल्याकडचा सर्वांत मोठा ग्रंथवेडा कोण, असे विचारले तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचेच नाव घ्यावे लागेल. न्यूयॉर्कला विद्यार्थी असताना त्यांनी पोटाला चिमटा घेऊन जुनी पुस्तके जमवली. १९१७ साली लंडनहून परतताना त्यांचे सामान ज्या बोटीत होते ती पाणबुडीने बुडवली आणि पुस्तके समुद्रात गेली. पुढे मुंबईत दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी 'राजगृह' बांधले, ते ग्रंथांना प्रशस्त जागा हवी हे डोळ्यांपुढे ठेवून.

मग आपण कोणती पुस्तके विकत घ्यावीत? माझे मत असे, की जे एकदाच वाचून संपते ते ग्रंथालयातून किंवा मित्राकडून आणावे; आणि जे पुन्हा पुन्हा उघडावे लागते ते मात्र पदरमोड करून घ्यावे. एक चांगला शब्दकोश. आकाशाचा नकाशा. आपल्या भागातली झाडे किंवा पक्षी ओळखायला शिकवणारे एखादे पुस्तक. सलीम अली यांचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक १९४१ साली निघाले आणि अजूनही लोक ते खांद्यावरच्या पिशवीत घालून हिंडतात. घरच्या सामानात करता येतील अशा प्रयोगांचे एखादे पुस्तक, ज्याच्या पानांवर तेला-पाण्याचे डाग पडतीलच. नवे परवडत नसेल तर जुने घ्यावे. रद्दीच्या दुकानात तासभर उकिडवे बसण्याची तयारी असली, तर पुष्कळ मिळते. मॉस्कोच्या 'मीर' प्रकाशनाची विज्ञानाची पुस्तके १९९१ साली सोव्हिएत संघ मोडेपर्यंत आपल्याकडे फार स्वस्त मिळत. पेरेलमानचे मनोरंजक भौतिकशास्त्र त्यांतलेच. अशी पुस्तके अजूनही जुन्या बाजारात अधूनमधून हाती लागतात. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. आता तो सगळा इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतो.

याउलट, अनेक घरांत जूनमध्ये पुस्तकांवर जो खर्च होतो तो मुख्यतः गाईडांवर आणि अपेक्षित प्रश्नसंचांवर. पालकांना दोष देण्यात अर्थ नाही. परीक्षा तशी आहे. पण गाईड हे एकच पुस्तक असे आहे, की ज्याच्या समासात 'मला पटले नाही' असे लिहायला जागाच नसते. वर्ष संपले की ते रद्दीत जाते. त्याच पैशांतला दहावा भाग बाजूला काढला, तरी वर्षाला एक खरे पुस्तक येते. पाचवी ते दहावी सहा पुस्तके. सहा पुस्तके पेन्सिल घेऊन वाचलेला मुलगा काही कमी वाचलेला नव्हे.

राहिला शाळेच्या कपाटाचा प्रश्न. तो मात्र नाजूक आहे. कित्येक शाळांत पुस्तके आहेत, चांगली आहेत, पण ती कुलपात आहेत. किल्ली ज्यांच्याकडे असते त्यांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. पडताळणीत पुस्तक कमी भरले, तर जाब त्यांना द्यावा लागतो. पुस्तक वाचले गेले नाही म्हणून मात्र कोणीही जाब विचारत नाही! मग कुलूप लावणे हेच शहाणपणाचे ठरते. मध्ययुगीन युरोपात पुस्तके साखळीने फळीला बांधून ठेवत. इंग्लंडमधल्या हेरफर्डच्या चर्चमध्ये असे साखळदंडातले ग्रंथालय अजून पाहायला मिळते. आपले शि. रा. रंगनाथन हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. पहिलाच नियम असा, की पुस्तके वापरण्यासाठी असतात. गणितज्ञाने पहिला नियम म्हणून इतकी साधी गोष्ट का निवडली असेल, हे साखळ्या आणि कुलपे पाहिल्यावर कळते.

माझी सूचना एवढीच आहे. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या फुटतात. दरवर्षी फुटतात. म्हणून कोणी प्रयोग बंद करत नाही. फुटतूट गृहीत धरून नव्या नळ्या मागवतात. ग्रंथालयातही शंभरांत पाच पुस्तके हरवणार, फाटणार हे गृहीत का धरू नये? मुख्याध्यापकांनी आणि वर अधिकाऱ्यांनी तेवढी सूट अधिकृतपणे दिली, तर किल्ली आपोआप सैल होईल. नाहीतरी बंद कपाटात पुस्तके सुरक्षित असतात हा भ्रमच आहे. पावसाळ्यात कोकणात हवेची आर्द्रता आठवडेच्या आठवडे ८० टक्क्यांच्या वर असते. सुमारे ७० टक्क्यांच्या वर गेली की कागदावर बुरशी धरायला लागते. कसर हा चंदेरी किडा अंधार, ओल आणि शांतता पसंत करतो, आणि बांधणीतली खळ व कागद दोन्ही खातो. वरचेवर उघडल्या जाणाऱ्या, उजेड-वारा लागणाऱ्या पुस्तकात त्याचे बस्तान बसत नाही. मुलांच्या हाताने पुस्तकाचे नुकसान होते ते दिसते. कसरीने केलेले दिसते ते दहा वर्षांनी, कपाट उघडल्यावर.

समासात लिहिण्याविषयी शेवटी थोडे खुलासेवार सांगतो, नाहीतर माझ्या नावाने शाळाशाळांतून तक्रारी यायच्या. ग्रंथालयाच्या पुस्तकात, मित्राच्या पुस्तकात आणि पुढच्या वर्षी धाकट्या भावंडाला जाणाऱ्या पुस्तकात अक्षरही लिहू नये. डार्विननेही परक्या पुस्तकासाठी वेगळा कागद वापरला. स्वतःच्या पुस्तकात लिहावे ते पेन्सिलीनेच. पेन्सिलीतले ग्रॅफाइट म्हणजे कार्बनचेच एक रूप. ते उजेडाने फिकट होत नाही, पाण्याने फुटत नाही, पाठच्या पानावर उतरत नाही, आणि नको तर खोडता येते. बॉलपेनच्या शाईतले रंग काही वर्षांनी पसरतात किंवा उडतात.

परक्या पुस्तकासाठी शंभर पानी वही पुरते. एका पुस्तकाला दोन समोरासमोरची पाने द्यावीत. डाव्या पानावर पुस्तकाचे नाव, लेखक, कुठून आणले ते, तारीख, आणि त्याखाली मुद्दे व पानांचे आकडे. उजवे पान कोरे ठेवावे, न पटलेल्या गोष्टींसाठी. पुस्तक अर्धवट सोडले तर डाव्या पानाच्या तळाशी 'नुसते चाळले' असे लिहावे. वहीची शेवटची चार पाने आधीच राखून ठेवावीत. वही भरत आली की तिथे अकारविल्हे सूची करायची आहे.